आकडेवारीची तक्रार जिनिव्हाला कशी पाठवावी

वडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या युनियनला देशाच्या कामगार आकडेवारीबद्दल हरकत असेल, तर ती थेट जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे पाठवता येते. आधार तिचा कामगार आकडेवारीवरचा १९८५ चा करार क्रमांक १६०.

मसुदा फसतो तो कलमांत. भारताने १९९२ मध्ये करार मंजूर केला, पण दुसऱ्या भागातले फक्त कलम ८ स्वीकारून. बेरोजगारीचे चालू आकडे कलम ७ मध्ये येतात. ते कलम भारताने स्वीकारलेले नाही, म्हणून ते धरून लिहिलेले पत्र टिकत नाही. कलम ८ ला हवी ती श्रमशक्तीची रचना, संपूर्ण देशाची आणि बारीक पृथक्करण करता येईल अशी. म्हणजे मुख्यतः जनगणना. २०२१ ची जनगणना रखडली, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. जोडीला पहिल्या भागातले कलम ३ घ्या: व्याख्या आणि पद्धती ठरवताना कामगार संघटनांचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. तुम्हाला विचारले गेले का, हे तारखांसह लिहा.

आधी नॉर्मलेक्सवर, म्हणजे संघटनेच्या करारांच्या ऑनलाइन माहितीकोशात, भारताचे पान उघडून करारांचे पालन तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीचे जुने शेरे वाचा. पत्र लेटरहेडवर, सहीनिशी, १ सप्टेंबरपूर्वी पोहोचवा. प्रत सरकारकडे जाते, उत्तर मागवले जाते. एखाद्याचा थकलेला पगार यात घालू नका; त्यासाठी कामगार आयुक्त आहेत.