सिंहगडावरून आल्यावर काय प्यावं?

रविवारी पहाटे स्वारगेटहून सायकलने निघून, सिंहगडाचा घाट चढून मी दहाच्या आत घरी येते. आल्या आल्या आधी वजन बघते. निघतानापेक्षा किलोभर कमी भरलं, तर साधारण लिटरभर घाम गेला. त्याच्या सव्वा ते दीडपट प्यायचं, पण घटाघटा नाही, दोन-तीन तासांत.

पहिला पेला ताकाचा. घरच्या दह्याचं, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून. जर्सीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले दिसले की चिमूटभर मीठ जास्त. (रक्तदाब असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) पण पातळ ताकात प्रथिनं आणि साखर थोडीच, त्यावर दमलेले पाय सावरत नाहीत. म्हणून मागोमाग पाव लिटर दूध, एक पिकलेलं केळं, चमचाभर गूळ, मिक्सरमधून फिरवून. त्यातून साधारण ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि खर्च डब्यातल्या महागड्या पावडरीपेक्षा कितीतरी कमी. दूध पचत नसेल तर सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवा, गुठळ्या बोटांनी मोडून.

अर्ध्या तासाची फेरी असेल, तर साधं पाणी पुरे.