रातकिडे मरतात, मीलवर्म वाढत नाहीत: घरी खाद्यकिडे वाढवताना या चुका टाळा

पाळलेल्या सरड्याला थर्मोस्टॅट, यूव्हीबी दिवा, तापमापक सगळं मिळतं. त्याच्या जेवणाच्या, म्हणजे जिवंत किड्यांच्या, वाट्याला मात्र झाकण लावलेला कोपऱ्यातला डबा. मग आठवड्याभरात ठरलेला प्रश्न येतो: "सगळे रातकिडे मेले, काय चुकलं?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. ओल.

ओल आणि कोंडलेली हवा

तो डबा न पाहताही कसा असेल ते सांगता येतं. झाकणाला सुईने पाडलेली दहा-बारा भोकं, तळाला भुसा किंवा माती, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर काकडीच्या चकत्या. पहिले दोन दिवस सगळं छान. मग डब्याच्या भिंतींवर आतून बाष्प धरतं, वाटीत बुडालेले किडे तरंगू लागतात, तळाच्या भुशात विष्ठा आणि काकडी एकत्र कुजते आणि झाकण उघडताच अमोनियाचा वास नाकात जातो. नेमकं याच वेळी मालकाला वाटतं की किडे तहानेने मरताहेत. तो आणखी पाणी शिंपडतो. दोन दिवसांत डबा गप्प.

रातकिड्याला कोरडी जागा आणि खेळती हवा लागते. झाकणाचा निम्मा भाग कापून तिथे धातूची जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी ते कुरतडून बाहेर पडतात. तळाला काहीही पसरू नका. अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावा, म्हणजे विष्ठा खाली पडते. आडव्या ट्रेच्या खळग्यांत ती साचून राहते. कोरडं खाद्य उथळ झाकणात ठेवा. पाण्यासाठी वॉटर जेल किंवा गाजराचा तुकडा पुरतो, आणि संध्याकाळी ठेवलेला तुकडा सकाळी काढायचा, उरलेला असला तरी. तापमान 28 ते 32 अंश सेल्सिअस. मेलेले किडे रोज उचला.

ओल हवी ती फक्त अंडी घालायच्या डबीत. तीत 4-5 सेंटिमीटर ओलसर कोकोपीट भरा आणि वर बारीक जाळी दाबून बसवा. मादी जाळीतून अंडी आत सोडते, पण बाकीच्यांना ती उकरून खाता येत नाहीत. तीन-चार दिवसांनी डबी वेगळ्या डब्यात हलवा. 30 अंशांच्या आसपास साधारण 10 ते 13 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती जेमतेम दोन मिलिमीटरची असतात, त्यामुळे मोठ्या किड्यांची जाळी इथे चालत नाही.

सगळं कोरडं आणि स्वच्छ असूनही रातकिडे उताणे पडून पाय झाडत मरत असतील, तर डेन्सोव्हायरसची शंका घ्या. तो नेहमीच्या घरगुती रातकिड्यांना, म्हणजे अकीटा डोमेस्टिकसला, झपाट्याने संपवतो. तिथे औषध शोधत बसण्यात अर्थ नाही. ट्रे फेका, डबा ब्लीचने धुवा आणि पट्टेरी रातकिडे, ग्रिलोडेस सिजिलेटस, आणा. त्यांना हा विषाणू सहसा बाधत नाही.

घाई

मीलवर्म म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. त्यांच्या बाबतीत सगळ्यात चीड आणणारी चूक: भुंगेरे मरून गेले, कोंड्यात काही दिसत नाही, म्हणून कोंडा कचऱ्यात. पुढची सगळी पिढी त्या कोंड्यातच होती! अंडी इतकी बारीक आणि कोंड्याच्या धुळीने माखलेली असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि अळी नजरेत भरायला महिनाभर लागू शकतो. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे चाळून नव्या कोंड्यात टाका, कारण ते अंडी आणि कोष दोन्ही खातात. जुना डबा तारीख लिहून बाजूला ठेवा आणि विसरा. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत तीन-चार महिने धरून चाला.

डुबिया झुरळांचा वेग त्याहून कमी. पिल्लू प्रौढ व्हायला चार ते सहा महिने जातात. ज्यांनी वसाहत आणल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्यातल्याच माद्या सरड्याला भरवल्या, त्यांनी "डुबिया वाढत नाहीत" अशी तक्रार करू नये. एका नरामागे तीन ते पाच माद्या, 30 अंशांच्या आसपास ऊब, आणि पहिले सहा महिने सरड्यासाठी किडे विकत आणायचे. जास्तीचे नर तेवढे खुशाल भरवा.

रिकामा किडा

उपाशी किड्याने सरड्याचं पोट भरतं, पोषण होत नाही. रातकिडे आणि मीलवर्ममध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कित्येक पटींनी जास्त असतो. सरड्याला साधारण उलट हवं, दोनास एक. हाडं मऊ पडण्याचा आजार इथूनच सुरू होतो. किडे देण्याआधी 24 ते 48 तास त्यांना हिरवा पाला, गाजर आणि कॅल्शियमयुक्त खाद्य द्या. मात्र हे जादा कॅल्शियमचं खाद्य पैदाशीच्या डब्यात कायम ठेवू नका, किडे मरतात. कॅल्शियमची पूड अगदी देतेवेळीच लावा. सकाळी लावून ठेवलेली पूड रातकिडा संध्याकाळपर्यंत अंगावरून साफ करून टाकतो.

बाकीचं थोडक्यात

सुपरवर्म (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या अळ्या) फ्रीजमध्ये ठेवू नका, मरतात. मीलवर्म 8-10 अंशांत टिकतात. सुपरवर्म घोळक्यात कोषात जात नाहीत, त्यासाठी एकेक अळी वेगळ्या अंधाऱ्या डबीत ठेवावी लागते. नवा कोंडा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की त्यातले माइट्स (बारीक किडे) मरतात, पण पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर बाष्प धरून पुन्हा ओलीचाच प्रश्न. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका. काजवे कधीच नाहीत, ते विषारी असतात. बागेतून पकडलेले किडेही नकोत, त्यांच्यावर कोणती फवारणी झाली हे कळायला मार्ग नाही. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यातून काढा. झोपलेल्या गेकोची (पालीसारख्या सरड्याची) बोटं आणि शेपूट ते कुरतडतात.