न्यायमूर्तींच्या चेंबरमधलं एक वर्ष

लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की हमखास विचारतात, "हायकोर्टाचं जज व्हायला कोणती परीक्षा द्यायची?" अशी परीक्षाच नाही. पण एवढंच सांगून थांबलं तर महत्त्वाचं राहून जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एका न्यायमूर्तींकडे मी एक वर्ष लॉ क्लार्क, म्हणजे संशोधन आणि टिपणांत मदत करणारी सहाय्यक, होते. तिथे जे पाहिलं ते सांगते. चेंबरमध्ये आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

आधी रस्ता कसा आहे ते. संविधानाच्या अनुच्छेद 217 नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसाठी दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पदावरचा अनुभव लागतो. म्हणजे दारं दोन. एक बारमधून, म्हणजे वकिलांमधून, थेट. दुसरं जिल्हा न्यायपालिकेतून: एमपीएससीमार्फत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, मग बढत्या, किंवा सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीश. कनिष्ठ स्तराची परीक्षा पदवी हातात पडताच देऊ, असं ठरवून बसलेल्यांनी लक्षात ठेवावं, की सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. मला ती योग्य वाटते. पक्षकार कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर कसा बसून असतो, हे पाहिल्याशिवाय तारीख देणं म्हणजे काय ते कळत नाही. या दुसऱ्या दारातून येणारे बरेच जण उच्च न्यायालयात पोहोचतात तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली असतात, कारण तिथलं निवृत्तीचं वय 62 आहे. सर्वोच्च न्यायालयात ते 65 आहे.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी अर्ज करता येत नाही. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात, राज्य सरकारचं मत जातं, गुप्तचर विभागाचा अहवाल येतो, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींची निवड समिती, विचार करतं आणि शेवटी राष्ट्रपतींचं अधिपत्र निघतं. मध्ये किती महिने जातील, याचा नेम नाही. बहुतेक जण आधी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून येतात, मग कायम होतात. पुढे देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयात बदली होऊ शकते. वेतन दरमहा 2 लाख 25 हजार रुपये. जम बसलेला वकील याहून कितीतरी जास्त मिळवतो. त्यामुळे घरच्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये, असं मॅडम त्यांच्याकडे येणाऱ्या ज्युनियरना सांगायच्या.

आता दिवस. बाहेरून दिसतं ते साडेदहाला चोपदारामागून येणं आणि डायसवर बसणं. खरा दिवस आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागलं की सुरू व्हायचा. फायलींचे गठ्ठे बंगल्यावर जायचे. फर्लो, म्हणजे तुरुंगातून मिळणारी ठरावीक रजा, नाकारलेल्या कैद्यांचे अर्ज, शिक्षकांच्या नोकरीचे वाद, जमिनीचा मोबदला, स्थानबद्धतेचे आदेश आणि जात पडताळणी. माझं काम प्रत्येक प्रकरणाची टिपण तयार करण्याचं. पहिल्याच आठवड्यात आमचे शिरस्तेदार मला म्हणाले, "बेटा, मॅडमले तोंडी नको सांगू, लिहून ठेव." लिहिताना विचारातली भोकं दिसतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

जात पडताळणीचं एक प्रकरण मी विसरू शकत नाही. एका मुलीचा 'माना' या अनुसूचित जमातीचा दावा जात पडताळणी समितीने फेटाळला होता आणि तिचा राखीव जागेवरचा इंजिनीअरिंगचा प्रवेश जाण्याच्या बेतात होता. तिच्या पणजोबांची स्वातंत्र्यापूर्वीची शाळेची नोंद होती, दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल जोडलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आनंद प्रकरणात सांगितलंच आहे, की अशा जुन्या कागदांना जास्त वजन द्यायचं आणि रूढी-परंपरांच्या चाचणीला शेवटची कसोटी मानायचं नाही. मी चार पानांची टिपण लिहिली, जवळजवळ सगळी मुलीच्या बाजूने. मॅडमनी ती वाचली आणि विचारलं, "समितीचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?" माझ्याकडे एक ओळ होती. त्यांनी फाईल परत दिली.

रात्री मी समितीसाठी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाचा अहवाल नीट वाचला. दुसऱ्या एका नातेवाइकाच्या नोंदीत वेगळी जात होती. समितीचं म्हणणं पोकळ नव्हतं. सकाळी मॅडम आणखी एक गोष्ट बोलल्या, ती माझ्या मनातून जात नाही. ही जागा चुकीच्या माणसाला गेली तर गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी ती गमावेल. ती आपल्यासमोर नाही, तिचा वकील नाही, तिला या याचिकेचा पत्तासुद्धा नाही. संवैधानिक न्यायालयाचं काम मला त्या दिवशी समजलं. दिवाणी दाव्यात बहुतेक वेळा दोन पक्ष आणि त्यांचा वाद असतो. अनुच्छेद 226 खाली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या रिट अधिकारात, दिलेला निकाल मात्र कोर्टात नसलेल्या माणसांपर्यंतही पोहोचतो.

मॅडम आणि त्यांच्या शेजारी बसणारे न्यायमूर्ती, अशा दोघांच्या खंडपीठाने मूळ रजिस्टर मागवलं. नोंद खरी निघाली, खाडाखोड नव्हती. दुसऱ्या नोंदीचाही खुलासा झाला. "रूल. रूल रिटर्नेबल फोर्थविथ. हर्ड फायनली बाय कन्सेंट," या नेहमीच्या वाक्यांनी (याचिका दाखल करून घेतली आणि संमतीने लगेच अंतिम सुनावणी घेतली, एवढाच त्यांचा अर्थ) निकाल सुरू झाला आणि मुलीला वैधता मिळाली. पण त्या निकालातले तीन परिच्छेद समितीच्या म्हणण्यावर होते. आपलं ऐकलं गेलं, हे हरलेल्या बाजूच्या वकिलाला वाचून पटायला हवं, याबद्दल मॅडम फार आग्रही होत्या. शेजारी बसलेल्या न्यायमूर्तींशी चेंबरमध्ये त्यांची अर्धा अर्धा तास चर्चा चालायची. दोघांचं एकमत झालं नाही तर प्रकरण तिसऱ्याकडे जातं आणि पक्षकाराचे महिने वाया जातात, म्हणून ती चर्चा त्या घाईत कधीच उरकत नसत.

एकटेपणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 7 मे 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांचा ठराव स्वीकारला. बारमधल्या वकिलांशी जवळीक टाळावी, क्लबच्या निवडणुका लढवू नयेत, राजकीय विषयांवर जाहीर मतं देऊ नयेत, प्रसारमाध्यमांना मुलाखती देऊ नयेत, असं त्यात आहे. कागदावर सोपं वाटतं. पण वीस वर्षं ज्या बाररूममध्ये चहा प्यायला, तिथे पाऊल टाकायचं नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जाताना यजमानांचं काही प्रकरण आपल्यापुढे आहे का, ते आधी पाहायचं. वर्तमानपत्राने निकालावर चुकीची टीका केली तरी गप्प राहायचं. ज्यांना माणसांच्या गराड्यात राहायला आवडतं, त्यांनी या भागाचा फार गंभीरपणे विचार करावा. निवृत्तीनंतरही अनुच्छेद 220 आहेच: जिथे कायम न्यायमूर्ती होता, त्या उच्च न्यायालयात पुन्हा वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांत करता येते.

मग विद्यार्थ्याने आज काय करावं? लॉ क्लार्कच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय, दोघांच्याही वेळोवेळी निघतात. ते जमलं नाही तर जिल्हा कोर्टात एखाद्या कष्टाळू वकिलाकडे तीन वर्षं घाला आणि साक्षी नोंदवताना हजर राहा. मराठी वाचन सोडू नका. सातबारा, फेरफार, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, पंचनामा हे सगळं मराठीतच असतं आणि इंग्रजी भाषांतरात अर्थ निसटलेला मी अनेकदा पाहिला आहे.

आणि एक अभ्यास आवर्जून करा. मॅडमनी तो मला पहिल्याच महिन्यात दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचा 28 एप्रिल 1976 चा एडीएम जबलपूर निकाल काढा. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नाही म्हटलं, त्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी मत दिलं. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली गेली, सरन्यायाधीशपद गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताचा तो निकाल रद्द ठरवला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते, आणि तो भाग ज्यांनी लिहिला ते धनंजय चंद्रचूड यशवंतरावांचे चिरंजीव. खन्नांचं मत सगळे वाचतात, कारण ते बरोबर होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही आधी बहुमत वाचा. त्या चौघांचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत, त्यांना मान्य होईल असा, दोन पानांत लिहून काढा. तोवर खन्नांचं पान उघडू नका.