जुन्या थंड वेंडिंग मशीनसाठी सीलंट निवडताना

गोव्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता हा साधा दिवस. अशा हवेत साधारण २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पत्र्यावर दव धरतं, आणि मशीनचा आतला पत्रा तर चार-पाच अंशांवर असतो. त्यामुळे बाहेरची वाफ बारा महिने आत शिरायची वाट शोधत असते. भिंतीतल्या पफपर्यंत, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या फोमपर्यंत, पोचली की तिथेच तिचं पाणी होतं. ओला पफ थंडी धरत नाही, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून फटी बुजवायच्या सीलंटची ट्यूब विकत घेण्याआधी प्रत्येक फटीला विचारायचं: इथे पाणी अडवायचंय की वाफ?

१. आधी ओल शोधा

प्लग काढा आणि एक-दोन दिवस दार उघडं ठेवा. मागचा एखादा स्क्रू काढून त्या भोकातून बोथट तार हलक्या हाताने आत घाला. जोर लावू नका, काही मशीनमध्ये गॅसच्या नळ्या भिंतीतूनच गेलेल्या असतात. तार ओली आली तर तेवढा पफ कापून काढावा लागेल. बाहेरून फटी बुजवल्या की ओल आतच कोंडते, आणि ती वाळायला वाटही उरत नाही.

२. जुनं सिलिकॉन मुळासकट काढा

जुन्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. ब्लेडने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मारा, तो पूर्ण वाळू द्या. किनाऱ्याजवळचं मशीन असेल तर त्याआधी सगळा पत्रा गोड्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. खाऱ्या वाऱ्याचं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण सीलंटखाली राहिलं की गंज पुन्हा धरतो.

३. बाहेरच्या सांध्यांना ब्यूटिल

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. सिलिकॉन पाणी उत्तम अडवतं, पण वाफ त्यातून बऱ्यापैकी आरपार जाते. वाफ अडवण्यात ब्यूटिल रबर त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून बाहेरचा पत्रा पत्र्यावर बसतो तिथे मधे ब्यूटिलची टेप घाला आणि मग स्क्रू आवळा. स्क्रूच्या भोकातही थोडं भरा. ब्यूटिल कायम मऊ राहतं, त्यामुळे उघड्यावर ठेवलं तर त्याला धूळ चिकटते. दिसणाऱ्या आणि रंगवायच्या फटीसाठी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या, त्यावर रंग बसतो.

४. आत न्यूट्रल सिलिकॉन, व्हिनेगरच्या वासाचं नको

दुकानात सहज मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला बहुतेक वेळा व्हिनेगरसारखा वास येतो. ते वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, आणि ते तांब्याला, जस्त चढवलेल्या पत्र्याला आणि वायरच्या जोडांना खातं. माझ्या पहिल्या मशीनमध्ये मी तेच वापरलं होतं. चवथीच्या आधी भरलं आणि शिगम्यापर्यंत कॉइलजवळची तांब्याची नळी हिरवी पडली. ती नळी बघताना जे वाईट वाटलं ते अजून आठवतं. मशीन पन्नास वर्षं टिकलं असतं, मीच त्याला आजारी पाडलं होतं.

म्हणून ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ (वाळताना असं आम्ल न सोडणारं) आणि अन्नाजवळ वापरता येईल असं लिहिलेलं बघूनच घ्या. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन आत वापरू नका, त्यात बुरशीनाशक मिसळलेलं असतं. बाहेर खटकणारा सिलिकॉनचा गुण आत उपयोगी पडतो: भिंतीत थोडी वाफ शिरलीच, तर तिला आतल्या बाजूने निसटायला वाव राहतो.

५. काच, नळ्या आणि पोकळ्या

दुहेरी काचेच्या मधे धुकं साचत असेल तर काचेच्या जोडीचंच सील गेलेलं असतं. बाहेरून काहीही लावून ते सुटत नाही, जोडी बदलावी लागते. नवी काच बसवायलाही न्यूट्रल सिलिकॉनच लावा.

नळी आणि वायर भिंतीतून जातात तिथे कधीही कडक न होणारी पुट्टी भरा, दुरुस्तीला ती परत काढता येते. कापून काढलेल्या पफच्या जागी फोमचा स्प्रे मारणार असाल तर थोडाथोडा, थांबून थांबून मारा. फुगताना तो पत्रा बाहेर ढकलतो, आणि फुगलेला पत्रा परत सरळ होत नाही.

६. जिथे सीलंट लावायचंच नाही

दवाचं पाणी वाहून नेणारं भोक आणि कंडेन्सरसमोरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलसमोरची) जाळी मोकळीच हवी. दाराच्या रबराची गळतीही सिलिकॉनने थांबत नाही. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर सैल आहे. गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं तर वाकलेलं रबर बऱ्याचदा वळणावर येतं, फाटलेलं मात्र बदला. गॅसची गळती एपॉक्सीने बुजवू नका. जुन्या मशीनमध्ये ओझोनला मारक असलेला आर-१२ हा गॅस असू शकतो. तो हवेत सोडायचा नसतो, जाणकार मेकॅनिककडूनच काढून घ्या.

७. हंगाम आणि तपासणी

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, त्यामुळे पावसाळ्यात ते लवकर वाळेल. पण तेव्हा पत्र्यावरच दमटपणा असतो आणि ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही. जाड रेषेला तीन-चार दिवस द्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय माल भरू नका.

मग रात्री खोलीतले दिवे मालवा, मशीनमध्ये पेटती बॅटरी ठेवून दार लावा आणि कुठे उजेडाची रेघ दिसते ते बघा. तिथे खडूची खूण करा. मशीन आठवडाभर चालवल्यावर पहाटे बाहेरच्या पत्र्यावरून हात फिरवा. जिथे हाताला दवाची ओळ लागेल, तिथला पत्रा पुन्हा उघडायचा.