बोअरच्या पाण्याचा कठीणपणा मोजताना टायट्रेशनच्या संज्ञा कशा समजून घ्याव्यात

पुण्यात वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्यांची भिस्त बोअरवर किंवा टँकरवर आहे, तिथे नळांवर पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येता येत नाही. खडकवासल्याच्या पाण्याला हा त्रास त्यामानाने कमी. बेसॉल्टच्या भेगांतून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, ते हे सगळं करतात. यालाच पाण्याचा कठीणपणा म्हणतात. हे क्षार नेमके किती आहेत ते टायट्रेशनने, म्हणजे अनुमापनाने, मोजता येतं: तीव्रता माहीत असलेलं द्रावण थोडं थोडं घालत जायचं आणि किती लागलं ते बघायचं. अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी जर्नलमधल्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा एक प्रयोग मन लावून करावा, असं मला वाटतं. यातली प्रत्येक संज्ञा चूक कुठून शिरू शकते ती जागा दाखवते. प्रयोग मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखालीच करा. घरी नको.

सुरुवात प्रमाण द्रावणापासून. ज्याची संहती, म्हणजे तीव्रता, अचूक माहीत आहे ते प्रमाण द्रावण. इथे ते ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट धरून ठेवणाऱ्या रसायनाचं. आपल्याला 0.01 मोलर हवं आहे, म्हणजे एका लिटर द्रावणात 0.01 मोल. डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेटच्या एका मोलचं वजन 372.24 ग्रॅम. म्हणून 250 मिलीसाठी 0.93 ग्रॅम कोरडी पूड वजन करा, बीकरमध्ये थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण विरघळवा, मग मोजमापी फ्लास्कमध्ये ओता. बीकर दोन-तीनदा धुऊन ते पाणीही त्यातच घ्या आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरा. आधी 250 मिली पाणी मोजून त्यात पूड टाकली, तर मोलारिटी चुकते, कारण ती द्रावणाच्या आकारमानावर ठरते, द्रावकाच्या नाही. द्राव्य, द्रावक आणि द्रावण हे तीन शब्द वेगळे ठेवायचे ते यासाठी. तयार द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेतून थोडे धातू-आयन त्यात उतरू शकतात.

सगळ्याच पदार्थांचं असं थेट वजन करून चालत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून त्याच्या वजनावर विसंबता येत नाही. त्याचं द्रावण आधी ऑक्झॅलिक ॲसिडसारख्या प्राथमिक प्रमाण पदार्थासमोर तपासून घ्यावं लागतं. प्राथमिक प्रमाण पदार्थ शुद्ध, टिकाऊ आणि वजनाला भरवशाचा असावा लागतो. या तपासणीला प्रमाणीकरण म्हणतात.

आता काचेची भांडी. इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. ब्युरेट आधी पाण्याने आणि मग ईडीटीएच्या द्रावणाने विसळा, नाहीतर आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करेल. पिपेट ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्यानेच विसळा. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. तो नमुन्याने विसळलात तर आत राहिलेले थेंबही मोजणीत येतात आणि उत्तर वाढतं. ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, भरल्यावर वरचं फनेल काढून ठेवा, आणि पातळी वाचताना डोळा तिच्या समोर आणा. रंगहीन द्रावणात खालची वक्र रेषा वाचतात. परमँगनेटसारख्या गडद द्रावणात वरची.

पिपेटने 50 मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्या. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, तो वगळूनच पिपेटवर खूण केलेली असते. त्यात पीएच 10 चा अमोनिया बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, घाला. वास तिखट असतो, खिडकी उघडी ठेवा. मग एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, अगदी थोडा घाला. पाणी वाइनसारखं लाल होईल. तो रंग दर्शक आणि मॅग्नेशियम एकत्र आल्याचा. ईडीटीए या धातूंना दर्शकापेक्षा घट्ट धरतं. सगळे धातू त्याने काबीज केले की दर्शक मोकळा होतो आणि पाणी निळं दिसतं.

डाव्या हाताने कॉक, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत ईडीटीए सोडा. लालसर-जांभळं दिसू लागलं की थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंबानंतर जरा थांबून, कारण शेवटी क्रिया सावकाश होते. पण रेंगाळूही नका, बफर घातल्यापासून पाच मिनिटांत संपवा, नाहीतर कॅल्शियम साक्याच्या रूपात खाली बसू शकतं. लालीची शेवटची छटा गेली तो अंत्यबिंदू. समतुल्य बिंदू वेगळा. धातू आणि ईडीटीए मोलला मोल जुळले तो क्षण, जो डोळ्यांना दिसत नाही. चांगला दर्शक म्हणजे या दोन बिंदूंना जवळ आणणारा. म्हणूनच तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारीसाठी 3.1 ते 4.4 पीएचला रंग बदलणारा मिथिल ऑरेंज घेतात, आणि सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारीसाठी 8.2 ते 10 चं फेनॉल्फ्थॅलिन.

पहिलं पायलट रीडिंग अंदाजाचं. मग पुन्हा करा, सारखी रीडिंग मिळेपर्यंत. समजा 12.4, 12.5 आणि 12.4 आली, तर सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग 12.4 मिली. रीडिंग जुळत नसताना सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका.

हिशोब सोपा आहे. 0.01 मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे 50 मिली पाण्यात 12.4 मिलिग्रॅम, लिटरमागे 248 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं.

सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, असेल, तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत, नावं लिहून आणा. नंतरच्या नमुन्याला ईडीटीए अगदी थोडंच लागायला हवं. जवळपास तितकंच लागत असेल, तर आधी टाकीतलं मीठ संपलंय का आणि रेझिनचं रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करणं, वेळेवर होतंय का, ते बघायला सांगा.