क्रायोबलूनआधी: अन्ननलिका सांभाळण्याची तयारी

एट्रिअल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) क्रायोबलून, म्हणजे फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बलूनने गोठवून करायचं ॲब्लेशन, ठरलं, की कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या प्रक्रियांच्या खोलीत) अन्ननलिकेचं तापमान मोजणारा प्रोब आधी तयार ठेवा. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची मागची भिंत आणि अन्ननलिका जवळजवळ चिकटून असतात, त्यामुळे बलूनचा गारठा सहज पलीकडे पोचतो. रुग्ण टेबलावर येण्याआधीच प्रोब मुठीत धरून पाहा. पडद्यावरचा आकडा चढला पाहिजे. गुठळी बघायला घातलेला टीईईचा (अन्ननलिकेतून होणाऱ्या हृदयाच्या सोनोग्राफीचा) प्रोब गोठवण्याआधी बाहेर काढा, कारण तो अन्ननलिकेला कप्प्याकडे रेटू शकतो.

प्रोब एकदा घातला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक शिरेपाशी बलून फुगवल्यावर एक्स-रेवर पाहून सेन्सर बलूनच्या पातळीत आणा. दोन सेंटिमीटर वर राहिला तर आकडा निर्धास्त दिसतो आणि अन्ननलिका मात्र गोठत असते. खालच्या शिरांना, त्यातही डाव्या खालच्या शिरेला, जास्त जपा.

अन्ननलिकेचं तापमान किती उतरलं की गोठवणं थांबवायचं, तो आकडा सुरुवातीलाच ठरवून सगळ्यांना मोठ्याने सांगा. पुष्कळ ठिकाणी तो 15 अंश असतो, काही टीम 20 लाच थांबतात. आमच्या मते 20 बरा, कारण बलून गार करणारा नायट्रस ऑक्साइड वायू बंद केल्यावरही तापमान आणखी काही अंश घसरतं. 180 सेकंदांच्या फेरीत एकाने फक्त हा आकडा वाचायचा. उजव्या शिरांना, श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस पेस करताना (तिला विजेचे ठोके देताना), श्वासपटल हलतंय ना हे पोटावर हात ठेवून पाहणारा माणूस वेगळा लागतो.

आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा पॅन्टोप्राझोल 40 मिग्रॅ, साधारण 4 ते 6 आठवडे लिहून द्या.

घरी पाठवतानाचा कागद मराठीत हवा, आणि सगळ्यांत जास्त काळजी इथे घ्या. ठाण्यात, ऐरोली-वाशीकडे पावसाळ्यात ताप आला की आधी मलेरिया-डेंग्यूच तपासतात, आणि ते बरोबरच आहे. पण गेल्या दोन महिन्यांत ॲब्लेशन झालेल्याला ताप, गिळताना किंवा छातीत दुखणं, रक्ताची उलटी, अचानक बोलणं अडखळणं यांपैकी काहीही झालं, तर अन्ननलिका आणि हृदय यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण जीव घेतं. अशा वेळी तातडीने छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करा. पहिला नॉर्मल आला आणि शंका उरली तर पुन्हा करा. दुर्बीण घालू नका: आत सोडलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाते. ‘एंडोस्कोपी करू नये’ ही ओळ कागदावर ठळक छापा, खाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहा आणि एक प्रत घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे द्यायला सांगा.