नवाहो पद्धतीचा छोटा लोकरी गालिचा कसा विणावा

अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेल्या, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या भूमीतला पारंपरिक गालिचा त्याच्या कडांवरून ओळखू येतो. ताण्याचा, म्हणजे उभा धागा कापला जात नसल्यामुळे चारही कडा बंद असतात आणि झालर नसते. पहिला नमुना साधारण 30 बाय 45 सेंटिमीटरचाच घ्यावा.

लोकर शक्यतो चुरो मेंढीची असावी. स्पॅनिश लोकांनी 16व्या शतकात आणलेल्या या मेंढीची लोकर लांब धाग्याची आणि कमी तेलकट असल्याने ती हाताने कातायला सोपी जाते. 1930च्या दशकात सरकारने नवाहोंचे कळप सक्तीने घटवले, तेव्हा ही जात नामशेष होता होता वाचली. रंगवण्याची घाई करू नये. पांढरी, तपकिरी व काळी लोकर आणि पांढरी-काळी एकत्र पिंजून होणारी राखाडी छटा एवढ्यावरच न्यू मेक्सिकोतल्या टू ग्रे हिल्स परिसरातल्या विणकर स्त्रियांनी अप्रतिम काम केले आहे.

लांब दांडीची टकळी मांडीवर फिरवून सूत काढावे. बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे सूत मऊ चालते. ताण्याचे मात्र पुन्हा कातून घट्ट पिळाचे करावे.

आता सर्वांत जबाबदारीचे काम. दोन समांतर दांड्यांभोवती ताण्याचा अखंड धागा इंग्रजी आठच्या आकारात, सर्वत्र सारख्या ओढीने गुंडाळावा. मधली फुली दोन काठ्या घालून जपावी. दोन्ही टोकांना धाग्यांच्या जोड्यांमधून पिळाची दोरी गुंफली की अंतर पक्के होते. मग दांड्या काढून याच दोऱ्या मागाच्या आडव्या दांड्यांना बांधाव्यात, ताणा उभ्या चौकटीत टांगावा आणि वरच्या दोराने ताणून घ्यावा. गुंडाळताना धाग्यांत राहिलेली कमीजास्त ओढ पुढे सुधारणे कठीण जाते.

एकाआड एक धागे दोऱ्याच्या फाशांनी एका काठीला बांधावेत. ती ओढली की एक फट उघडते आणि फुलीच्या वरच्या काठीने दुसरी. फटीत लाकडी पट्टी आडवी घालून कडेवर उभी करावी, मग बाणा कमानीसारखा सैल टाकावा आणि फणीने ठोकून ताणा पूर्ण झाकावा. बाणा ओढून धरला की कडा आत येतात, म्हणून रुंदी वारंवार मोजावी. दोन रंग जिथे भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवावेत. नक्षी स्वतःची असावी. आपला नमुना मूळनिवासींनी विणल्याचे भासवून विकणे अमेरिकेत 1990च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचे काही सेंटिमीटर विणकराची खरी परीक्षा घेतात. ताणा इतका आवळतो की पट्टी आत जात नाही. तेव्हा फासे काढून टाकावेत, आधी बारीक काड्यांनी आणि शेवटी लांब सुईने एकेक धागा उचलत बाणा भरावा आणि तो खाली दाबत राहावे. येथे कंटाळून सैल विणल्यास तो पट्टा कायमचा विरळ दिसतो. शेवटची फट भरली की बांधणी सोडावी आणि चारही कोपऱ्यांवर दोऱ्यांच्या टोकांचे गोंडे बांधावेत.